पाण्याच्या वेळेवर

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर एखाद्या जुन्या जाणत्या कोळ्याला ‘होडी किती वाजता निघेल?’ असं विचारलं, तर घड्याळाच्या आधी तिथीचा विषय निघतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसा तीच आणि रात्रीही तीच. खाडीच्या आत पाणी जरा उशिरा चढतं, म्हणून वर थोडी मिनिटं धरायची. कोकण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा हिशेब ढोबळ आहे, पण चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित जास्त उशिरा माथ्यावर येतो, त्याच्याशी तो चांगला जुळतो. भरती-ओहोटीचं कोष्टक आता मोबाइलवर मिळतं. तरीही हा हिशेब ज्याच्या तोंडी बसला आहे, त्याचा दिवस निराळा असतो. इथून चालत जाण्याच्या अंतरावर बेलापूरचं सीबीडी आहे, कोकण भवन आहे, महापालिकेचं मुख्यालय आहे. तिथे कामाची वेळ रोज तीच. दिवाळ्यात उद्याची वेळ आजच्यासारखी नसते आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

मनाने थकलेल्या, कामाने पिळून निघालेल्या, झोप हरवलेल्या माणसांना झाडापाण्यात घेऊन जाणारे आणि तिथे त्यांना सावरायला मदत करणारे लोक, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यांना मी निसर्गवाटाडे म्हणते. जगात अनेक देशांत या कामाचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, प्रमाणपत्रं मिळतात. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या आसपास ‘वनस्नाना’च्या सहली निघू लागल्या आहेत. ते चांगलंच आहे. पण या प्रस्तावनेत मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वाटाड्याचं पहिलं काम माहिती देण्याचं नाही, माणसाला स्वतःच्या वेळेतून काढून त्या जागेच्या वेळेत नेऊन बसवण्याचं आहे. ते साधलं तर पक्ष्यांची नावं, झाडांचे गुण, श्वासाचे व्यायाम यांना अर्थ येतो. ते साधलं नाही, तर चार तासांची सहल ऑफिसातल्या आणखी एका बैठकीसारखी होते आणि माणूस आला तसा परत जातो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते दिवाळ्याच्या चिखलावर फार स्वच्छ दिसतं. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, दुपारी बाराच्या सुमाराला पाणी तुडुंब असतं आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ते लांबवर ओसरतं. तिवरांच्या कडेला राखाडी, चकचकीत चिखल उघडा पडतो. नवखा माणूस तिथे येतो आणि म्हणतो, ‘इथे तर काहीच नाही.’ त्याचं खोटं नसतं. तो चालत आला, बोलत आला, त्याची सावली चिखलावर पडली, आणि त्या चिखलावरचं सगळं जग आपापल्या बिळात गेलं. आता वाटाड्याने एवढंच करायचं, की त्याला कडेच्या दगडावर बसवायचं आणि हलू नको, बोलू नको म्हणून सांगायचं. पहिली दोन मिनिटं हात खिशातल्या फोनकडे जातो. मग एका बिळाच्या तोंडाशी काहीतरी हलतं. नखाएवढा खेकडा अर्धा बाहेर येतो, थांबतो, पुरा बाहेर येतो. त्याची एक नांगी अंगाच्या मानाने प्रचंड मोठी असते, तो नर. तो ती वर उचलतो, खाली आणतो, पुन्हा उचलतो, जणू दूरच्या कोणाला हाक मारतोय. दुसऱ्या, लहान नांगीने तो चिखलाचा कण उचलून तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं घेतो आणि उरलेल्या चिखलाची बारीक गोळी करून बाजूला ठेवतो. माद्यांच्या दोन्ही नांग्या लहान, त्यामुळे त्या दोन्ही हातांनी भराभर जेवतात. एकाचे दहा होतात, दहाचे शंभर. कुठे निवटे पोटावर सरपटत डबक्यातून बाहेर येतात, डोक्यावरचे फुगीर डोळे फिरवत बसतात आणि एकदम उडी घेतात. मघाशी ‘काहीच नाही’ म्हणणारा माणूस आता कुजबुजतो, ‘अहो, तो बघा.’

त्या पाच-सात मिनिटांत वाटाड्याने एक शब्दही उच्चारलेला नसतो. माझ्या मते हेच या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. ज्याला खूप माहीत असतं, त्याला गप्प बसणं फार जड जातं. नंतर तिवराचं एक पान तोडून न घेता, फांदीवरच, जिभेच्या टोकाने चाखायला सांगावं. पान खारट लागतं. तिवर मुळातून खारं पाणी घेतं आणि नको असलेलं मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं. पाऊस नसलेल्या दिवसांत पानावर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची मुळं हवेतून श्वास घेतात, कारण खालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. हे सगळं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण जिभेवर मीठ आलेलं असताना ते सांगितलं, तर ऐकणारा ते आयुष्यभर विसरत नाही.

याच मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, चपला हेही त्याच्या नजरेला पडणार. ते झाकू नये, की कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवू नये. मन शांत करायला आणलंय म्हणून कुरूप काही दाखवायचं नाही, असा एक समज या क्षेत्रात मूळ धरतोय. तो मला धोक्याचा वाटतो. आपल्या माणसाचा आजार लपवून ठेवण्याने कोणाचं मन शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता वैद्यकाबद्दल. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ‘याला काही पुरावा आहे का?’ असं विचारलं जाईल, आणि विचारलं जावंच. 1984 साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा, पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. 23 रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांच्याशी वय वगैरे जुळणाऱ्या दुसऱ्या 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1982 मध्ये, जपानच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे ठेवली होती: जंगलात जाऊन, काहीही गाठायचं नाही असं ठरवून, सगळ्या इंद्रियांनी जंगल घेत राहायचं. पुढे तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब, ताणाशी संबंधित संप्रेरकं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी यांवर मोजमापं केली. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्यात एकूण किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. ती 120 मिनिटं एकदम घालवली काय किंवा तुकड्या-तुकड्यांनी घालवली काय, फरक पडत नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर 2018 पासून सरकारी दवाखान्यातले डॉक्टर समुद्रकाठी फिरणं, पक्षी पाहणं यांची चिठ्ठी लिहून देऊ लागले.

या अभ्यासांचं वजन आहे, पण ते आहे तेवढंच सांगावं. 46 रुग्णांवरून जगाचा नियम ठरत नाही. ज्यांना मुळातच बरं वाटतंय तेच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता 120 मिनिटांच्या अभ्यासात पूर्णपणे पुसता येत नाही. ‘खाडीवर या, नैराश्य जाईल’ असं कोणी फलकावर लिहीत असेल, तर त्याच्यामागे जाऊ नका. वाटाड्या हा डॉक्टर नव्हे. कोणाचं औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार त्याला नाही, आणि जगणं नकोसं झालंय असं बोलणाऱ्या माणसाला एक सुंदर संध्याकाळ दाखवून घरी एकट्याने पाठवण्याचा तर मुळीच नाही. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक प्रत्येक वाटाड्याच्या फोनमध्ये असायलाच हवा, 2022 च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारच्या या सेवेवर मराठीतही बोलता येतं. सहलीला निघण्याआधी तो क्रमांक सगळ्यांना मोठ्याने सांगण्यात संकोच कसला?

मराठी माणसाला हा विषय परका नाही. आपल्याकडे त्याला उपचाराचं नाव नव्हतं, एवढंच. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. महिन्यामहिन्याने झाडं, पाखरं, आभाळ कसं पालटतं ते त्यांनी लिहिलं आणि मुंबईच्या गॅलरीत बसलेल्या, जंगलात कधीच न जाणाऱ्या वाचकाला समोरच्या रस्त्यावरच्या झाडाकडे बघायला लावलं. डॉ. शरदिनी डहाणूकर औषधशास्त्राच्या प्राध्यापक, केईएम आणि नायरसारख्या रुग्णालयांत आयुष्य काढलेल्या. त्यांनी ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ लिहिली. दिवसभर औषधांचे परिणाम तपासणारी डॉक्टर झाडांवर इतक्या मायेने लिहिते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिच्या लिखाणात झाड हे औषधाचं कोठार म्हणून कमी आणि शेजारी म्हणून जास्त येतं. किरण पुरंदरे यांनी पुण्यात मुलांना पक्ष्यांची ओळख करून देता देता एक दिवस नागझिरा अभयारण्याच्या परिसरात मुक्काम हलवला. तिथे राहून ‘सखा नागझिरा’ लिहिलं आणि पुढे त्याच भागात घर केलं.

आणि मारुती चितमपल्ली. दिवाळ्याहून पनवेल ओलांडलं, की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तिथल्या पक्षी अभयारण्यातही त्यांनी वनाधिकारी म्हणून काम केलं होतं. मेळघाट, नवेगाव बांध, नागझिरा असं करत त्यांनी वनखात्यात आयुष्य घालवलं, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरात ते गेले. त्यांच्या पुस्तकांतून हजारो मराठी वाचकांना जंगल भेटलं. पण चितमपल्लींची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अशी, की त्यांनी आपले गुरू कधी लपवले नाहीत. नवेगाव बांधचे माधवराव पाटील, तळ्यावरचे ढिवर, गोंड वाटाडे हे त्यांच्या लिखाणात माहिती पुरवणारे म्हणून येत नाहीत, जाणकार म्हणून येतात. एका पक्ष्याची कितीतरी नावं त्यांनी याच लोकांच्या तोंडून गोळा केली. पदवी घेतलेला अधिकारी तळ्याच्या काठावर ढिवराच्या पुढे शिष्य होऊन बसतो. इथून मला दिवाळ्याकडे परत वळायचं आहे.

कारण या खाडीवरचे जाणकार कोण, या प्रश्नाचं उत्तर गावातच आहे. डोलजाळं नेमकं केव्हा लावायचं, ते ओढीच्या पाण्यावर कसं धरायचं, फग कुठे टाकला की चिंबोरी लागेल, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत घरी का बसायचं, ढग पाहून होडी केव्हा वळवायची, हे ज्ञान इथल्या नाखवांकडे आहे. कालवं खडकावरून कशी काढायची, जवळा किती ऊन देऊन सुकवायचा, कुठल्या महिन्यात कोणत्या मासळीला चव असते, हे बायकांकडे आहे, आणि ते तितकंच खोल आहे. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी म्हणून थांबायचं, जाळी विणायची, होड्या डागडुजीला काढायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच पाण्यात उतरायचं, असं वर्षच बांधलेलं आहे. दिवाळीत इथे बहिरीदेवाची जत्रा भरते; देव समुद्रातून गावात आणतात आणि मग पुन्हा समुद्रात पोचवतात. समुद्राकडून घेतलेलं समुद्राला परत करण्याची सवय या गावाला आहे.

पण कोळ्यांना ‘निसर्गाशी एकरूप झालेले साधे लोक’ करून टाकू नये. त्यांच्यासाठी दर्या हे पोट आहे, कर्ज आहे, वादळाच्या रात्री घरात कोणी न झोपणं आहे. शहरातून आलेला माणूस खाडीवर ताण सोडायला येतो. ज्याच्या होडीतून तो फिरतो, त्याचा ताण त्याच खाडीत आहे. ही जाणीव नसलेला वाटाड्या पाहुण्यांना काही बरं देऊ शकेल, असं मला वाटत नाही.

खाडीचं काय झालंय ते थोडक्यात सांगते. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी इथल्या गावांच्या शेतजमिनी, मिठागरं गेली. शहर वाढलं तसं सांडपाणी वाढलं, भराव वाढले. पनवेल खाडीच्या पलीकडे 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच्यासाठी टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. मासळी कमी झाली, ही इथल्या प्रत्येक घरातली तक्रार आहे. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली आणि रोहित पक्ष्यांचं ते हक्काचं ठिकाण मरणपंथाला लागलं. नागरिक वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा 2025 मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. ठाणे खाडीतलं रोहित पक्षी अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला. ऐरोलीच्या किनारा व सागरी जैवविविधता केंद्रातून स्थानिक मच्छीमारच पाहुण्यांना होडीतून रोहित दाखवायला नेतात. फेरीची वेळ तिथेही भरती ठरवते.

आणि एक निकाल प्रत्येक वाटाड्याने लक्षात ठेवावा. 17 सप्टेंबर 2018 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या प्रकरणात सांगितलं, की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या घटनेतल्या मूलभूत हक्कांचा, अगदी कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाही, भंग आहे. खारफुटी क्षेत्राभोवती 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि सहली काढणारे आता कुठे जे म्हणू लागले आहेत, की माणसाचं स्वास्थ्य आणि तिवराचं स्वास्थ्य वेगळं काढता येत नाही, ते या राज्याच्या न्यायालयाने कायद्याच्या भाषेत आधीच लिहून ठेवलं आहे. म्हणून माझं म्हणणं आहे, की खाडीवर माणसं नेणाऱ्याने खाडीसाठी उभं राहणं हा त्याच्या कामाचाच भाग धरावा. रात्रीत डेब्रिजचा ट्रक रिकामा झालेला दिसला तर फोटो काढून वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करणं, भरतीची वाट बुजलेली दिसली तर महापालिकेला लिहिणं, हे श्वासाच्या व्यायामाइतकंच त्याला यायला हवं. ज्या तलावाकाठी आपण लोकांना शांत बसायला शिकवतो, तो बुजत असताना आपणही शांत बसलो, तर शिकवलं काय?

या पुस्तकातली प्रकरणं पुढे सविस्तर येतीलच, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून मी थांबते. एक: पहिली फेरी लहान ठेवा. आठ-दहा माणसं, त्यांत एखादं तरी आपल्याच भागातलं शाळकरी मूल, कारण बेलापूरच्या उंच इमारतींत वाढणाऱ्या अनेक मुलांनी आपल्या खिडकीतून दिसणारी खाडी पायाखाली कधी घेतलेली नसते. ओहोटी पाहून वेळ ठरवा, रविवार पाहून नव्हे. चिखलात कुठे पाय बुडतो ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही पाऊल आत टाकू नका. पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजाने त्यांना बोलावण्याचा खेळ करू नका. विणीच्या दिवसांत तो त्यांना महागात पडतो.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सहलीची फी शहरातला आयोजक घेतो आणि कोळ्याला फक्त होडीचं भाडं देतो, असं अनेक ठिकाणी चालतं. होडीचं भाडं वेगळं आणि जाणकाराचा मेहनताना वेगळा धरायला हवा. नाखवा होडी चालवताना पाण्याविषयी जे सांगतो, ती शिकवणी आहे. मावशी जवळा कसा निवडायचा ते अंगणात बसून दाखवते, तीही शिकवणी आहे, आणि तेवढा वेळ तिच्या बाजाराच्या वेळेतून गेलेला असतो. हा मेहनताना आधी बोलून ठरवावा, फेरीच्या दिवशीच हातात द्यावा, आणि पत्रकावर आयोजकाचं नाव ज्या अक्षरात छापलं असेल त्याच अक्षरात, त्यांना विचारून, त्यांचंही नाव छापावं.